शाळा न पाहिलेल्या आजी आणि तीस गुणांची चाचणी

स्मृतिभ्रंश किती वाढला आहे, हे पाहण्यासाठी डॉक्टर बहुधा १९७५ मध्ये तयार झालेली एमएमएसई ही ३० गुणांची चाचणी घेतात. शंभरातून सात, पुन्हा सात वजा करत जा. कागदावरचं वाक्य वाचा, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा. एवढ्यातच आठ गुण जातात, आणि ते सगळे शाळेच्या पाटीवरचे. ज्या आजींनी कधी पेन्सिलच धरली नाही, त्यांचे हे गुण आजाराने नेले की गरिबीने?

हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांसाठी या चाचणीचं हिंदी रूप तयार झालं, तेव्हा संशोधकांनी मोठ्या समजुतीने बदल केले. कागदावरचं 'डोळे मिटा' हे वाक्य वाचून डोळे मिटण्याऐवजी 'मी करतो तसं करा', लिहिण्याऐवजी घराबद्दल एक वाक्य बोला.

आजार फार पुढे गेला की शिकलेलेही शून्याजवळ येतात आणि ही चाचणी मुकी होते. म्हणून सिव्हिअर इम्पेअरमेंट बॅटरीसारख्या चाचण्यांत हात पुढे केल्यावर रुग्ण हस्तांदोलन करतो का, चमचा ओळखतो का, हे पाहतात. शून्य गुणांमागेही बरंच काही शाबूत असतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

घरच्या माणसाची चाचणी असेल, तर त्या माणसाचं शिक्षण किती आणि कोणत्या भाषेत झालं, हे डॉक्टरांना आधीच सांगा.