संवेदकाचा दोष कसा ओळखावा?

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या पट्ट्यातील उपाहारगृहांत दूध, पनीर, मांस यांची उन्हाळ्यात सारी भिस्त फ्रीजवर असते. त्याच्या दर्शनी पटलावर एरवी तापमानाचा आकडा दिसतो. एखाद्या दिवशी त्या जागी 'ई १' किंवा 'पी १' अशी खूण चमकू लागते आणि भटारखान्यात धांदल उडते. गॅस संपला, कॉम्प्रेसर गेला, असे तर्क सुरू होतात. वास्तविक दोष अनेकदा याहून पुष्कळ लहान असतो.

फ्रीजच्या आत तापमान जाणणारा एक संवेदक असतो. कारागीर त्याला सेन्सर म्हणतात. शीतयंत्रांत तो बहुधा थर्मिस्टर या प्रकारचा असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो, उतरले की वाढतो. प्रचारातील एका प्रकारात २५ अंश सेल्सिअसला हा रोध १० हजार ओहम असतो. शून्य अंशाला तो सुमारे २७ ते ३३ हजारांवर जातो. नियंत्रक हा रोध मोजून त्याचे अंशांत रूपांतर करतो. तार तुटली तर रोध अमर्याद होतो. दोन तारा उघड्या पडून एकमेकींना टेकल्या तर तो जवळजवळ नाहीसा होतो. इतके थंड वा इतके उष्ण तापमान फ्रीजमध्ये संभवत नाही. म्हणून नियंत्रक आकडा दाखवण्याचे थांबवून खूण दाखवतो. भट्टीतील संवेदक वेगळ्या जातीचा असतो, परंतु खुणेमागचा विचार हाच.

खुणेचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. एकाच फ्रीजमध्ये हवेचा एक आणि बर्फ धरणाऱ्या नळ्यांचा दुसरा, असे दोन संवेदक असू शकतात. त्यामुळे माहितीपुस्तिका आधी पाहावी. नंतर प्लग काढून तार तपासावी. दाराच्या बिजागरीजवळ ती घासते, उंदीर ती कुरतडतात, जोडणीत ओल शिरते. तार व जोडणी ठीक असतील तर संवेदक सुटा करून मल्टिमीटरने रोध मोजावा. तोही योग्य निघाला, तर संशय नियंत्रकावर. नवा संवेदक त्याच जातीचा हवा. भलताच बसवला तर खूण नाहीशी होईल, पण आकडा चुकीचा येईल.

खरी अडचण अशा आकड्याची आहे. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंशांची नोंद केली आणि देशभर खळबळ उडाली. हवामान खात्याने प्रमाण उपकरणाशी ताडून पाहिले, तेव्हा तेथील संवेदक ३ अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले. त्याच सुमारास नागपुरातील एका केंद्राने तर ५६ अंश दाखवले. तेही संवेदकाच्या बिघाडामुळे.

भटारखान्यात चूक बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही. जोडणीवर गंज चढला की रोधात भर पडते आणि नियंत्रकाला फ्रीज आहे त्याहून थंड वाटतो. पटलावर ४ अंश दिसतात, आत ७ असतात. नाशवंत पदार्थ ५ अंश वा त्याखाली ठेवावेत, असा भारतीय अन्नसुरक्षेचा नियम आहे. येथे तो मोडलेला असतो आणि खूण मात्र उमटत नाही.

यावर उपाय अगदी साधा आहे. पेल्यात बर्फाचा चुरा घेऊन तो जेमतेम भिजेल इतके पाणी घालावे व ढवळावे. हे मिश्रण शून्य अंशावर स्थिर राहते. संवेदकाचे टोक त्यात काही मिनिटे बुडवावे. जोडणी मात्र कोरडी ठेवावी. पटलावर शून्याच्या आगेमागे एखादा अंश दिसला तर चालते. तफावत याहून मोठी असेल, तर जोडणी साफ करून पुन्हा पाहावे आणि तरीही ती राहिली, तर संवेदक बदलावा. अनेक नियंत्रकांत आकड्याची दुरुस्ती भरण्याची सोय असते, पण गंजलेल्या जोडणीवर तो इलाज नव्हे. गंज वाढत जातो आणि भरलेला आकडा तिथेच राहतो.