जांगल देशातून आनूप देशाकडे : कोकणप्रवासाचे नियोजन

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील यंत्रमागांवर टॉवेल व चादरी विणल्या जातात. त्या परिसरातील वैद्यांकडे कास, श्वास व प्रतिश्याय यांचे रुग्ण नित्य येतात. "आठ दिवस कोकणात जाऊन आलो तर बरे वाटेल का?" असे त्यांतील एखादा विचारतो. 'अवश्य जा' एवढ्याने या प्रश्नाचे उत्तर होत नाही. देश, काल व सात्म्य पाहूनच ते द्यावयास हवे.

सोलापूर हा अल्प पर्जन्याचा, उष्ण व रूक्ष प्रदेश. शास्त्रदृष्ट्या जांगल, म्हणून वातप्रधान. कोकणकिनारा आनूप, म्हणून कफप्रधान. तेथील आर्द्र हवा रूक्षतेने त्रासलेल्या शरीरास सुखावते. परंतु तमकश्वासाच्या रुग्णास तीच अवेळी बाधते. वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो, वसंतात संचित कफाचा प्रकोप होतो. हे दोन्ही ऋतू अशा रुग्णाने टाळावेत. जानेवारीच्या मध्यास येणारी सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आटोपली की शिशिरात निघावे. पहाटेचे दव मात्र अंगावर घेऊ नये.

सांगोला, मिरजमार्गे कोल्हापुरास एक मुक्काम करावा व दुसऱ्या दिवशी आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठावी. गणपतीपुळ्याचे दर्शन घेऊन राहण्यास शेजारचे मालगुंड निवडल्यास गर्दी टळते. केशवसुतांचे हे जन्मग्राम. किनारपट्टीत उंडी, म्हणजे आपला पुन्नाग, आणि वृक्षाम्ल म्हणजे कोकम ही झाडे दिसतात. ग्रंथात वाचलेली द्रव्ये जिवंत पाहण्याचा लाभ वैद्यानेही घ्यावा.

ज्वारीची भाकरी ज्यांना सात्म्य, त्यांनी पहिल्याच दिवशी भात, नारळ व मासळी यांवर भर देऊ नये. सात्म्य बदलताना पादांशिक क्रम पाळावा. मासळीसोबत दूध वर्ज्य. भोजनोत्तर निद्रेचा मोह आवरावा, चालू औषध खंडित करू नये.

या प्रवासाचा खरा लाभ मात्र परतल्यावर कळतो. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी; कापसाच्या धुळीपासून आठ दिवस दूर राहणे हे तेच होय. किनाऱ्यावर श्वास मोकळा झाला आणि कामावर रुजू होताच छाती पुन्हा आवळली, तर उपशय-अनुपशयाने हेतूकडे बोट दाखविले असे समजावे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या विकारातही सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे हे प्रारंभीचे लक्षण असते. अशा रुग्णाची फुप्फुसांची तपासणी करवून घ्यावी. नाकातोंडावर योग्य मुखपट्टी, कारखान्यात धूळ खेचून घेणारी व्यवस्था आणि शक्य तर कामाच्या जागेत बदल यांचा आग्रह धरावा.

म्हणून निघताना रुग्णास एक छोटी वही द्यावी. तीत रोजची झोप, खोकला व दम यांची नोंद त्याने ठेवावी आणि परतल्यावरचा पहिला आठवडाही लिहावा. समुद्र आठ दिवसांची विश्रांती देईल. उरलेल्या वर्षाची काळजी वैद्य, रुग्ण व कारखानदार यांनी मिळून वाहावयाची आहे.