देहविक्रय : कायदा, श्रम आणि वाद

फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मांडणी त्याच व्यासपीठावरची. त्याआधी, जून 1936 मध्ये, मुंबईत परळच्या दामोदर सभागृहात देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यासमोर बोलताना त्यांनी कामाठीपुऱ्यातील स्त्रियांना तो व्यवसाय सोडण्याचे कळकळीचे आवाहन केले होते. रेल्वेतील काम हे श्रम, त्याला न्याय मिळवून द्यायचा; देहविक्रय ही जातीने लादलेली अवनती, ती संपवायची. आजचा वाद नेमका या विभागणीविषयी आहे.

विद्यार्थी मित्रहो, या वादात दोन कल्पनांची नेहमी गल्लत होते. व्यवसाय ‘कायदेशीर करणे’ म्हणजे परवाने, नोंदणी, ठरावीक वस्ती अशी शासकीय चौकट उभारणे. तो ‘गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढणे’ म्हणजे त्या कृतीसाठी शिक्षा न करणे. देहविक्रय करणाऱ्यांच्या बहुतेक संघटना दुसरी मागणी करतात. टीका मात्र बहुधा पहिलीवर होते.

आपल्याकडील 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानुसार प्रौढ स्त्रीने स्वेच्छेने केलेला देहविक्रय हा मुळात गुन्हाच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये सुधारगृहात ठेवलेल्या तीन तरुणींना मुक्त करताना हेच स्पष्ट केले. परंतु त्या कृतीभोवतीचे जवळजवळ सारे काही गुन्हा ठरते. सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणे हा गुन्हा. देऊळ, शाळा, दवाखाना यांपासून 200 मीटरच्या आत हा व्यवसाय करणे हा गुन्हा. मनमाडच्या नकाशावर शाळा, मंदिरे, गुरुद्वारा, इस्पितळे यांभोवती अशी वर्तुळे काढून पाहावीत. मोकळी जागा किती उरते ते लगेच कळेल. दोघींनी परस्परांच्या फायद्यासाठी एक खोली वापरली, तरी कायद्याच्या व्याख्येने तो कुंटणखाना होतो. म्हणजे सोबतीने, सुरक्षितपणे राहण्याचा मार्गच बंद. आईच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा अठरा वर्षांवरील मुलगाही शिक्षेस पात्र ठरू शकतो. दलालासाठी घातलेले हे कलम घरात शिरते, हा या कायद्याचा सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल.

विरोधकांचा आक्षेप हलका नाही. उपासमार, कर्ज आणि जात यांनी घेरलेल्या स्त्रीच्या संमतीला कितपत संमती म्हणावे, असे ते विचारतात. अनेक दलित स्त्रीवादी अभ्यासकांना येथे मुरळी-देवदासी परंपरेचेच नवे रूप दिसते. उलट, सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेच्या एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामातून 1996 मध्ये उभ्या राहिलेल्या ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’ने ‘वेश्या’ हा शब्द नावातच ठेवला. लाज शब्दात नाही, अन्यायात आहे, असा त्यामागचा भाव दिसतो. अल्पवयीन मुली आणि सक्तीची विक्री यांबाबत मात्र दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांशी पोलिसांनी सन्मानाने वागावे, छाप्यानंतर त्यांची ओळख प्रसिद्ध होऊ नये, निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, असे आदेश दिले. स्वेच्छेने व्यवसाय करणाऱ्या प्रौढ स्त्रीवर फौजदारी कारवाई नको, ही समितीची शिफारस मात्र केंद्र सरकारच्या हरकतीमुळे तत्काळ अंमलबजावणीच्या आदेशांत आली नाही. अनेक बातम्यांनी तीच मंजूर झाल्याचे छापले.