नांव पटलें, पण यादी येईना

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. येथें सांपडलेला वाकाटक विंध्यशक्तीचा ताम्रपट सुमारें सोळाशें वर्षें टिकला. आपल्या घरांतील पत्रें व वंशावळी मात्र वाळवीच्या तोंडीं आहेत. म्हणून त्यांचीं छायाचित्रें घरच्या सर्व्हरवर ठेवावींत व परगांवच्या मुलाबाळांस तीं उतरवून घेतां यावींत, असें आम्हांस वाटतें.

ह्या कामीं रूढ असलेल्या एफटीपी पद्धतीचा पहिला मसुदा अभय भूषण ह्यांनीं १९७१ सालीं लिहिला. तींत एक अडचण वारंवार येते: नांव व परवलीचा शब्द पटतो, पण फायलींची यादी येत नाहीं. कारण असें कीं, बोलणें २१ क्रमांकाच्या पोर्टानें चालतें, पण माल दुसऱ्या दारानें जातो. पॅसिव्ह पद्धतींत हें दुसरें दार सर्व्हर दर खेपेस नवें सांगतो, आणि फायरवॉलरूपी द्वारपाल तें अडवितो. ह्यास्तव सर्व्हरमध्यें अशा दारांची मर्यादा, उदाहरणार्थ ५०००० ते ५०१००, ठरवावी व तेवढींच दारें फायरवॉल आणि राउटर ह्या दोहोंत मोकळीं करावींत.

तथापि एफटीपींत परवलीचा शब्द उघडाच जातो. वाटेंत कोणीही तो वाचूं शकेल. घरच्या कागदांसाठीं एसएफटीपीच स्वीकारावी. तींत सर्व मजकूर सांकेतिक रूपानें जातो, आणि २२ क्रमांकाचें एकच दार पुरतें.