फेरफार नोंदवणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा

सेनगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याने हळदीचं दोन एकर रान घेतलं, तरी खरेदीखत झालं म्हणून त्याचं नाव लगेच सातबाऱ्यावर चढत नाही. ई-फेरफार प्रणालीत तलाठी आपल्या लॉगिनमधून नोंद तयार करतो आणि संबंधितांना नोटीस काढतो. १५ दिवसांत हरकत आली नाही, की मंडळ अधिकारी स्वतःच्या लॉगिनमधून कागद तपासून ती प्रमाणित करतो. तेव्हा कुठे सातबारा बदलतो.

संगणकशास्त्रात या रचनेला भूमिकाधारित प्रवेश नियंत्रण म्हणतात. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी ते सूत्रबद्ध केलं. अधिकार माणसाला नव्हे, भूमिकेला द्यायचे; माणसाला फक्त भूमिका मिळते. तलाठ्याची बदली औंढा नागनाथला झाली, तर जुन्या सज्जाची भूमिका काढायची आणि नव्याची द्यायची, एवढंच काम. ते वेळेवर झालं नाही, तर गेलेल्या माणसाच्या हाती जुन्या गावांच्या नोंदी राहतात.

खरा पेच भूमिकांमधल्या अधिकारांच्या वारशाचा आहे. १९९६ मध्ये रवी संधू आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या आराखड्यात वरची भूमिका खालच्या भूमिकेचे अधिकार आपोआप घेते. पाहण्याच्या अधिकारापुरतं हे सोयीचं आहे. तहसीलदाराला तालुक्यातल्या सगळ्या नोंदी दिसायलाच हव्यात. पण मंडळ अधिकारी तलाठ्याचा वरिष्ठ म्हणून नोंद घेण्याचा अधिकारही त्याच्याकडे वाहत गेला, तर नोंदवणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. मग तपासणी उरली कुठे? म्हणून आराखड्यात बंधनंही असतात: हे दोन अधिकार एका हाती येऊ द्यायचे नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० मध्ये ही विभागणी आधीपासूनच आहे. सॉफ्टवेअरने ती मोडू नये, एवढीच अपेक्षा.

अतिरिक्त कार्यभाराचं काय? एकाकडे दोन्ही भूमिका आल्याच, तर संगणकाने फेरफारागणिक पाहावं: ज्याने नोंद घेतली, त्याला तीच नोंद प्रमाणित करता येऊ नये. मात्र संगणक ओळखतो लॉगिन आणि डिजिटल सहीचं डोंगल. ती दुसऱ्याच्या हाती गेली, तर ही सगळी बंधनं कागदावरच राहतात. त्याहून मोठी जोखीम भूमिका वाटणाऱ्याची, कारण तो स्वतःलाच हवी ती भूमिका देऊ शकतो. माझ्या मते त्याच्या प्रत्येक बदलाची नोंद, त्याला पुसता न येणारी, दुसऱ्याच अधिकाऱ्याने नियमित तपासायला हवी.