ऑक्सिजन संवेदक, विस्तृत पल्ल्याचा

अंतर्ज्वलन एंजिनाच्या निष्कास वायूंतील (जळून बाहेर पडणाऱ्या वायूंतील) ऑक्सिजनाच्या आधिक्यावरून अथवा उणिवेवरून सिलिंडरात जळलेल्या हवा-इंधन मिश्रणाचे प्रमाण दाखविणारे विद्युत् रासायनिक साधन. अनेक पेट्रोल मोटारगाड्यांत कारखान्यातच अरुंद पल्ल्याचा संवेदक बसविलेला असतो. मिश्रण समृद्ध (इंधन जास्त असलेले) आहे की विरल (हवा जास्त असलेले), एवढेच तो सांगतो. ते किती समृद्ध वा किती विरल आहे, हे विस्तृत पल्ल्याच्या संवेदकामुळे कळते. त्यामुळे कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाडीची जुळणी करणारे अथवा एंजिनात फेरफार केलेले गाडीमालक तो स्वतंत्रपणे विकत घेऊन घरीही बसवितात.

इतिहास : जर्मन शास्त्रज्ञ व्हाल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये विद्युत् घटाचा दाब व त्यातील पदार्थांची संहती यांचा संबंध दाखविणारे समीकरण मांडले. त्या तत्त्वावर जर्मनीतील बॉश कंपनीने तयार केलेला संवेदक १९७६ मध्ये स्वीडनच्या व्हॉल्व्हो कंपनीच्या गाड्यांत प्रथम वापरात आला. विस्तृत पल्ल्याचे संवेदक १९९० नंतरच्या दशकात प्रचारात आले. भारतात २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. शिशामुळे संवेदक व उत्प्रेरकी परिवर्तक हे दोन्ही निकामी होत असल्याने त्यांच्या प्रसारास हा बदल आवश्यक होता.

रचना व कार्य : संवेदकाचा गाभा यिट्रियम ऑक्साइड मिसळलेल्या झिर्कोनियम डाय-ऑक्साइडाचा असतो व त्यावर प्लॅटिनमाची विद्युत् अग्रे असतात. हा पदार्थ तापला म्हणजे त्यातून ऑक्सिजनाचे आयन वाहू शकतात. अरुंद पल्ल्याच्या संवेदकात एका बाजूस बाहेरची हवा व दुसऱ्या बाजूस निष्कास वायू असतात. मिश्रण समृद्ध असताना सुमारे ०·९ व्होल्ट व विरल असताना सुमारे ०·१ व्होल्ट दाब मिळतो. मधला बदल एकाएकी होत असल्याने त्यावरून मोजमाप करता येत नाही.

विस्तृत पल्ल्याच्या संवेदकात या घटाला दुसरा, ऑक्सिजन ओढून काढणारा किंवा आत सोडणारा घट जोडलेला असतो. निष्कास वायू एका सूक्ष्म छिद्रातून विसरणाने लहान पोकळीत येतात. पोकळीतील स्थिती कायम ०·४५ व्होल्ट दाबाशी जुळती राहील अशा रीतीने नियंत्रक दुसऱ्या घटातून प्रवाह सोडतो. मिश्रण विरल असेल, तर प्रवाह एका दिशेने व समृद्ध असेल, तर उलट दिशेने वाहतो. प्रवाहाचे मूल्य हेच मोजमाप होय. यासाठी घट सुमारे ७८०° से. इतका तप्त ठेवावा लागतो व त्याकरिता आतच विद्युत् तापक बसविलेला असतो.

दर्शकावरील अंकाचा अर्थ : प्रत्यक्ष हवेचे संपूर्ण ज्वलनास लागणाऱ्या नेमक्या हवेशी असलेले गुणोत्तर म्हणजे लॅम्डा. नेमक्या मिश्रणात ते १ असते. संवेदक वस्तुतः लॅम्डाच ओळखतो, इंधन कोणते आहे हे त्याला कळत नाही. शुद्ध पेट्रोलच्या १ भागास वजनाने सुमारे १४·७ भाग हवा लागते, म्हणून अनेक दर्शकांवर लॅम्डा १ हे १४·७ असे छापलेले असते. एथेनॉलला मात्र सुमारे ९ भागच हवा पुरते. भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के एथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. अशा इंधनास सुमारे १३·५ भाग हवा लागते. अशा वेळी दर्शक १४·७ दाखवीत असला, तरी खरे प्रमाण १३·५ च्या आसपास असते आणि मिश्रण नेमकेच असते. हे न उमजल्यास जुन्या कोष्टकातील आकडे गाठण्याच्या नादात मिश्रण चुकीचे जुळविले जाते. म्हणून दर्शक लॅम्डावरच लावून ठेवणे श्रेयस्कर.

जागेची निवड : संवेदक उत्प्रेरकी परिवर्तकाच्या आधी व सर्व सिलिंडरांचे वायू एकत्र आल्यानंतर बसवावा लागतो. एंजिनात टर्बोभारक असल्यास तो त्याच्या पुढे बसवितात. एंजिनाच्या फार जवळ तो अतितप्त होतो, तर नळीच्या बाहेरील टोकाजवळ उलट शिरणाऱ्या हवेमुळे वाचन चुकते. निष्कास नळी आडवी असल्यास संवेदक तिच्या वरच्या अर्ध्या भागात, आडव्या पातळीशी निदान १०° चा कोन करून व तारांचे टोक वर ठेवून बसवितात. थंड नळीत साचलेल्या पाण्याचा थेंब तप्त घटावर पडल्यास त्यास तडा जातो.

बसविण्याची कृती : गाडी सपाट जागी उभी करून, केवळ जॅकवर न ठेवता पक्क्या आधारांवर टेकवावी व एंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. नळीस भोक पाडून त्यावर आतून आटे असलेले पोलादी कडे (बहुधा १८ मिमी. व्यासाचे, १·५ मिमी. अंतराच्या आट्यांचे) वितळजोडकामाने बसवितात. हे काम घरी करण्यापेक्षा नळी सुटी करून कारागिराकडे नेणे बरे. नळी गाडीवरच असताना जोडकाम करावयाचे झाल्यास विद्युत् घटमालेची जोडणी आधी सोडवावी लागते व इंधननळ्या सांभाळाव्या लागतात. जोडकामाच्या वेळी संवेदक कड्यात ठेवू नये. नंतर आट्यांनाच थोडे जामरोधक वंगण लावून तो ४० ते ६० न्यूटन-मीटर इतक्या पिळाने आवळतात. टोकास वंगण किंवा सिलिकोनयुक्त लुकण लागल्यास संवेदक कायमचा बिघडतो.

तापकास आरंभी बराच प्रवाह लागत असल्याने नियंत्रकाला प्रज्वलन-स्विचने चालणाऱ्या रिलेतून व स्वतंत्र फ्यूजमधून वीज देतात. सर्व ऋण तारा एकाच ठिकाणी जोडाव्या लागतात, अन्यथा दर्शकाचे वाचन सरकते. संवेदक नळीत असून त्याला वीज नसेल, तर काजळी धरून तो लवकर निकामी होतो. गाडीचा मूळ संवेदक काढू नये, कारण एंजिनाचे नियंत्रण त्यावर अवलंबून असते. तपासणीसाठी एंजिन बंद गॅरेजात कधीही चालू ठेवू नये. निष्कासातील कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन व प्राणघातक असतो.

वाचनातील दोष : संवेदकाच्या आधी नळीस गळती असेल, तर बाहेरची हवा आत शिरून मिश्रण विरल भासते. एखाद्या सिलिंडरात ठिणगी चुकल्यास न जळलेला ऑक्सिजन बाहेर पडतो व तेव्हाही दर्शक विरलच दाखवितो. अशा वेळी इंधन वाढविल्यास दोष तसाच राहून परिवर्तक तापून जळण्याचा संभव असतो. म्हणून अंकावर विश्वास ठेवण्यापूर्वी गळती व ठिणगी तपासणे आवश्यक असते.

उंची व वापर यांचा परिणाम : वाशीम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. उंचीवर आहे व तेथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे किनारपट्टीवर जुळविलेला कार्ब्युरेटर तेथे काहीसे समृद्ध मिश्रण देतो व उन्हाळ्यातील तप्त, विरळ हवेने त्यात भर पडते. संवेदकाच्या प्रवाहावरही दाबाचा परिणाम होतो. तथापि लॅम्डा १ असताना प्रवाह शून्यच असल्याने त्या बिंदूचे वाचन उंचीने बदलत नाही, त्यापासून दूर गेल्यावर मात्र किंचित फरक पडतो. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातून जातो व त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. अशा मार्गावर एंजिन दीर्घकाळ मोठ्या भाराखाली चालते. तेव्हा मिश्रण विरल राहिल्यास झडपा व दट्ट्ये यांना इजा होऊ शकते. गावातील संथ चालीत हा दोष लक्षात येत नाही. रस्त्यावर वाचन घेताना दर्शक चालकाने न पाहता सोबत्याने पहावा किंवा वाचनाची नोंद आपोआप होईल अशी व्यवस्था करावी.

कायदेशीर बाजू : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार वाहनाचा निष्कास ठरावीक मर्यादेत असावा लागतो. भारत स्टेज ४ च्या पेट्रोल मोटारगाड्यांच्या तपासणीत वाढीव वेगावर लॅम्डा ०·९७ ते १·०३ यांमध्ये असणे अपेक्षित असते. संवेदकाच्या निमित्ताने परिवर्तक काढून टाकल्यास गाडी ही मर्यादा पाळू शकत नाही. घरी बसविलेल्या संवेदकाचे वाचन अधिकृत तपासणीची जागा घेत नाही. मात्र तपासणीपूर्वीच दोष ध्यानात आणून देण्यास ते उपयोगी पडते.