इंग्रजी येते, पण बोलता येत नाही

मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी इंग्रजीची ओळख पाचव्या इयत्तेत होत असे. सन २००० पासून महाराष्ट्रात ती पहिलीपासूनच होऊ लागली. म्हणजे आज दहावी उत्तीर्ण होणारा विद्यार्थी सलग दहा वर्षे ही भाषा शिकलेला असतो. तरीही अकरावी विज्ञानाच्या वर्गात पाऊल टाकताच त्यांतील अनेकांची वाचा बसते. शंका मनात असते, कित्येकदा उत्तरही ठाऊक असते. परंतु ते ज्या भाषेत मांडायचे ती ओठांवर येत नाही. मागच्या बाकावरचे हे मौन हळूहळू नापासाच्या शिक्क्यापर्यंत किंवा शाखा बदलण्यापर्यंत जाते. मुलाची बुद्धी कमी पडली, असे घरी मानले जाते. वस्तुतः कमी पडलेला असतो तो बोलण्याचा सराव.

ग्रामीण भारतातील १४ ते १८ वर्षे वयोगटाची पाहणी करणाऱ्या ‘असर २०२३’ या अहवालातील दोन आकडे या संदर्भात विचार करण्याजोगे आहेत. पाहणीतील ५७.३ टक्के मुलामुलींना इंग्रजी वाक्ये वाचता आली. पण ज्यांना वाचता आली, त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांशांनाच अर्थ सांगता आला. वाचणाऱ्या चौघांमागे एकाच्या बाबतीत इंग्रजी म्हणजे केवळ उच्चारलेली अक्षरे ठरली.

याचे एक कारण परीक्षेच्या रचनेत आहे. दहावीला भाषा विषयाचे ८० गुण लेखी परीक्षेला आणि २० गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाला असतात. २०१८-१९ मध्ये हे २० गुण रद्द करण्यात आले. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला आणि पुढील वर्षी हे गुण पुन्हा सुरू झाले. उत्तीर्ण होण्यासाठी त्या गुणांचा आधार किती मोठा होता, याची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. मात्र त्या गुणांच्या तोलाचे बोलणे वर्गात होते काय, हा प्रश्न मागेच राहिला.

दुसरे कारण दोन भाषांच्या घडणीत आहे. देवनागरीत बहुतांशी जसे लिहावे तसे वाचावे. इंग्रजीत २६ अक्षरांवर सुमारे ४४ ध्वनींचा भार असतो. ‘नाइफ’ या शब्दाच्या आरंभी ‘के’ लिहायचा, पण उच्चारायचा नाही, हे मुलाला पाठच करावे लागते. ‘मी दुकानात जातो’ या वाक्यात क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्याला लागूनच येते आणि ‘दुकानात’ मधील प्रत्ययाचे काम नामाआधीचा एक स्वतंत्र शब्द करतो. त्याहून सूक्ष्म अडचण शिष्टाचाराची आहे. ‘पाणी द्या’ म्हणताना आदर ‘द्या’ या रूपातच सामावलेला असतो. तेच शब्दशः ‘गिव्ह मी वॉटर’ झाले की ऐकणाऱ्याला हुकूम वाटतो. तेथे ‘प्लीज’ किंवा ‘कुड यू’ यांची जोड लागते. व्याकरण अचूक असूनही संवाद बिघडतो, तो असा. परदेशी खरेदीदाराला पत्र लिहिणाऱ्या तरुण व्यापाऱ्यास ही बाब लवकरच उमगते. शाळेत मात्र ती क्वचितच सांगितली जाते.

तिसरे आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे भीती. चुकलेल्या वाक्यावर वर्ग हसतो, वहीवर लाल शाई उमटते आणि मूल ठरवून टाकते, की न बोलणे अधिक सुरक्षित. केवळ इंग्रजी माध्यमात घातल्याने ही भीती जात नाही. तेथेही उत्तरे पाठ करून लिहिता येतात.

खरे तर व्यापारी घराण्यांना भाषा शिकण्याची रीत नवी नाही. सांगलीच्या हळदीच्या पेठेत वाढलेला मुलगा कर्नाटकातून माल आणणाऱ्या शेतकऱ्याशी कन्नड, परगावच्या खरेदीदाराशी हिंदी वा गुजराती आणि हमालांशी मराठी बोलू लागतो. त्यासाठी त्याला कोणी व्याकरण शिकवत नाही. तो आधी ऐकतो, मग भाव, वजन, पोती अशा मोजक्या शब्दांनिशी बोलतो, चुकतो. समोरचा हसला तरी सौदा थांबत नाही, म्हणून बोलणेही थांबत नाही. शाळेत हाच क्रम उलटा होतो. नियम प्रथम येतो, लेखन मागोमाग आणि बोलणे शेवटी, तेही वेळ उरला तर.

हा क्रम सुलट करण्यासाठी पालकांना इंग्रजी यावेच लागते, असे नाही. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे मुलाने दिवसाचा धडा मोठ्याने वाचावा आणि त्याचा अर्थ मराठीत सांगावा. वाचणे आणि समजणे यांतील अंतर तेथेच दिसून येते. मग त्याच आशयाची दोन-तीन वाक्ये त्याने पुस्तक मिटून इंग्रजीत बोलावीत. बोलत असताना कोणी अडवू नये. चूक सांगायचीच तर बोलणे संपल्यावर, आणि एका वेळी एकच. मालाच्या खोक्यावरील मजकूर, औषधाच्या वेष्टनावरील सूचना, दुकानात आलेली ई-पत्रे हे सारे वाचनाचे आयते साहित्य आहे. आठवी-नववीच्या मुलामुलींकडून अशा पत्राचे उत्तर तयार करून घेतले आणि वडीलधाऱ्यांनी ते ऐकून घेतले, तर भाषेला प्रयोजन मिळते. शाळेतही तोंडी परीक्षा खरोखर बोलण्याची व्हावी, असा आग्रह पालकसभेत धरता येईल.

मराठीत ज्याचा विचार स्पष्ट आहे, त्याला इंग्रजीत शब्द शोधावे लागतात. विचार शोधावा लागत नाही. म्हणून घरातील भाषा बाजूला सारण्याचे कारण नाही. मुलाची मोडकी वाक्ये न हसता ऐकून घेणारे घर मिळाले, तर दहा वर्षांच्या शिक्षणाला अखेर कंठ फुटेल.